विचारा की! – कॉड्सवॉलप, बंक आणि 'हो की, हो की'

या खेपेच्या पत्रांत एकाच जातीचे प्रश्न इतके निघाले की व्याकरणाची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली. समोरचा फेकतोय हे कळल्यावर इंग्रज माणूस काय म्हणतो, हा विषय. निपाणीच्या वाचकाचं पत्र सगळ्यांत लांबलचक, म्हणून पहिला मान त्याचा.

प्रश्न : बाई, मी मूळचा निपाणीचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचा क्लायंट इंग्लंडमधला. कॉलवर मी म्हटलं, काम दोन आठवड्यांत पुरं होईल. तिकडचे एक वयस्कर साहेब हसत म्हणाले, 'दॅट्स अ लोड ऑफ ओल्ड कॉड्सवॉलप.' मला काही कळलं नाही, मी 'थँक यू सर' म्हणून मोकळा झालो. सगळे हसले. नंतर शोधलं तर कॉड म्हणजे मासा एवढंच समजलं. ही शिवी आहे का? असले आणखी शब्द कोणते? मी वापरले तर चालतील का?

उत्तर : शिवी नाही रे बाबा. आणि 'थँक यू' म्हणालास ते झकास झालं, ते साहेब घरी जाऊन बायकोला सांगत सुटले असतील. त्यांचं म्हणणं एवढंच की दोन आठवडे ही शुद्ध थाप आहे. आपल्याकडे गवंडी म्हणतो, 'गणपतीच्या आत स्लॅब टाकून देतो की,' आणि घरमालक म्हणतो, 'हां, टाकलास!' तसलंच हे. राग कमी, थट्टा जास्त.

माशाचा इथे काही संबंध नाही. पण या शब्दाची जी जन्मकथा इंग्लंडात हौसेने सांगतात ती बेळगावकरांना आवडेल, कारण तिच्यात गोटी सोडा आहे. हायरम कॉड नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता. त्याने १८७२ मध्ये गॅसच्या पेयांसाठी एका बाटलीचं पेटंट घेतलं. मानेत काचेची गोटी, ओठाच्या आत रबरी कडं, बूच नाही की पत्र्याचं झाकण नाही. म्हणजे आपली सोड्याची बाटलीच.

माझ्या मामांची शहापुरात सोड्याची फॅक्टरी होती. फॅक्टरी म्हणजे घरामागची पडवी आणि तिच्यात एक हाताने फिरवायचं मशीन. बाटली भरायची ती उलटी धरून. गॅस आत गेला की गोटी घरंगळून रबरावर बसायची आणि बाटली सुलटी केली तरी जागची हलायची नाही. आतला गॅसच तिला वर दाबून धरायचा. फोडताना लाकडी ठोकळी तोंडावर ठेवून तळव्याने दणका, फट्ट, आणि गोटी खाली मानेच्या चिमट्यात. त्या मानेला एका बाजूने दोन खळगे असतात, आतून त्यांचे उंचवटे होतात. ती बाजू खाली ठेवून बाटली तोंडाला लावली तर गोटी तिथे अडते आणि सोडा सरळ घशात येतो. दुसरी बाजू खाली आली की गोटी घरंगळत तोंडाशी, आणि सोडा बंद. परगावचं गिऱ्हाईक यावरूनच ओळखू यायचं. मामा त्याला काही सांगायचे नाहीत, नुसते बघत राहायचे.

तर कथा अशी. कॉडच्या बाटलीत मिळायचं ते बिनदारूचं गोडमिट्ट पाणी, आणि 'वॉलप' म्हणजे बोलीभाषेत बियर. पिणारी मंडळी नाक मुरडून म्हणायची, 'हं, हे म्हणे कॉडचं वॉलप!' आणि तिथून कुठल्याही टाकाऊ गोष्टीला कॉड्सवॉलप म्हणायला लागले. ऐकायला बिनतोड. पण कॉडसाहेब वारले १८८७ मध्ये. बियरला वॉलप म्हणायची पद्धत पडली १९३० च्या आसपास. आणि कॉड्सवॉलप हा शब्द कागदावर सापडतो तो १९५० चं दशक संपत आल्यावर, ब्रिटिश टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेच्या संहितेत. इतकी वर्षं शब्द लोकांच्या तोंडी घोळत होता आणि एकाही वर्तमानपत्रात, एकाही पत्रात, एकाही साक्षीत उतरला नाही, हे कोशकारांना पटत नाही. मलाही नाही. थापेला नाव देणाऱ्या शब्दाची कथा हीच मुळात थाप. असली आणखी एक पुढे सुभेदारसाहेबांच्या पत्रात येतेच आहे.

बाकीचा गोतावळा बघशील तर बराचसा खरकट्यातून आणि शेणातून वर आलेला आहे. 'हॉगवॉश' म्हणजे डुकरांपुढे ओतायचं खरकटं पाणी, हा अर्थ पंधराव्या शतकापासूनचा. 'बॉल्डरडॅश' आधी फेसाळ पाण्याला म्हणायचे, मग बियरमध्ये दूध असल्या अचाट मिश्रणाला, आणि सतराव्या शतकात अर्थ नसलेल्या बडबडीला. 'ट्राइप' म्हणजे वजडी. 'बलोनी' अमेरिकन, इटलीतल्या बोलोन्या शहराच्या सॉसेजवरून आलेला. 'पॉपीकॉक' बहुधा डच 'पापेकाक'वरून, म्हणजे मऊ शेण. तो अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उगवला. आज एखादी इंग्रज आजीबाई चहा ओतता ओतता 'पॉपीकॉक!' म्हणते आणि कुणालाही शेणाचा वास येत नाही. 'बॉश' मात्र सोवळा आहे : तुर्की 'बोश', म्हणजे रिकामं, पोकळ. जेम्स मोरियर या इंग्रज कादंबरीकाराने १८३४ मध्ये तो वापरला आणि वाचकांनी उचलला.

दोन शब्दांपासून मात्र जपून. 'अ लोड ऑफ ओल्ड कॉबलर्स' हे कॉड्सवॉलपचं भावंड वाटेल. 'कॉबलर्स ऑल्स' म्हणजे चप्पल शिवायची आरी. अथणीच्या कारागिराच्या हातात असते तीच. पण लंडनच्या ईस्ट एंडमध्ये यमक जुळवून बोलायची एक चोरटी भाषा आहे, तिच्यात 'ऑल्स'चं यमक पुरुषाच्या एका अवयवाशी जुळतं आणि खरा रोख तिकडे असतो. मासिक घरोघरी जातं, पुढचं तू समजून घे. दुसरा शब्द बैलाच्या शेणाचा, सिनेमात दर मिनिटाला ऐकू येणारा. तो बाकीच्यांसारखा हलका नाही. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८६ मध्ये त्या एका शब्दावर अख्खा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय आहे याची दखल तरी घ्यावी लागते. ही दुसऱ्या जातीची माणसं खऱ्याखोट्याची पर्वाच करत नाहीत, म्हणून ती जास्त घातक. तुझ्या ऑफिसात या जातीचं कोण आहे ते तुला माहीत असेलच. शब्द मात्र मनातच ठेव.

आता तुझा खरा प्रश्न, वापरू का. त्याआधी एक गोष्ट ध्यानात घे, माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तीच मोलाची आहे. हे शब्द बोलण्यावर पडतात, बोलणाऱ्यावर नाही. 'दॅट्स हॉगवॉश' म्हणताना ते बोलणं खरकट्यात गेलं, माणूस खुर्चीवर तसाच राहिला. 'यू आर लाइंग' म्हटलं की माणूसच आरोपी. ब्रिटिश संसदेत तर समोरच्या सभासदाला 'लायर' म्हणता येत नाही, सभापती शब्द मागे घ्यायला लावतात. १९०६ मध्ये चर्चिलनी तिथे 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड' असा पल्लेदार शब्दप्रयोग केला, शब्दांच्या वापरातला अचूकपणाचा अभाव, आणि तेव्हापासून 'खोटं' या शब्दाला तो सभ्य झगा म्हणून चिकटला तो चिकटलाच.

आपण काय करतो? 'थापा मारू नकोस.' 'पुड्या सोडतोय.' 'फेकू आहे नुसता.' प्रत्येक वाक्यात माणूस आला. कन्नडही मागे नाही. धारवाडच्या बसमध्ये कुणी बढाई मारायला लागला की शेजारचा म्हणतो, 'रैल बिडब्याड,' रेल्वे सोडू नको. (टिळकवाडीच्या गेटात ताटकळणाऱ्यांनी याचा वेगळा अर्थ घेऊ नये.) कानावर फूल ठेवू नको, कावळे उडवू नको, हेही सगळं समोरच्यालाच. बोलण्यावर जाणारा एकच प्रकार मला तिथे चटकन आठवतो : 'कागक्क गुब्बक्कन कथे', कावळेताई नि चिमणीताईची गोष्ट, म्हणजे उशिरा येणाऱ्याने रचून आणलेली सबब. आमच्या वर्गात पहिल्या तासाला रोज दोन-तीन तरी कावळे-चिमण्या यायच्या. एसटी चुकली, गाय व्याली, आज्जीला बरं नाही. त्या आज्ज्या पुढे बाजारात ठणठणीत भेटायच्या.

याच सवयीने आपण 'नॉनसेन्स' या शब्दाचीही वाट लावली आहे. इंग्रजीत नॉनसेन्स म्हणजे अर्थ नसलेलं बोलणं. आपल्याकडे तो माणसाचा प्रकार झाला : 'अगदी नॉनसेन्स माणूस आहे तो.' जुने हेडमास्तर पोरांवर 'यू नॉनसेन्स!' म्हणून ओरडायचे आणि पोरं थरथरायची. इंग्लंडातलं पोर त्यावर गोंधळून बघत राहील.

तेव्हा तुझ्यासाठी असं. बरोबरीच्या दोस्ताला हसत 'दॅट्स रबिश' म्हण, चालेल, तिथे तो रोजचा शब्द आहे. कॉड्सवॉलप, पॉपीकॉक, बॉल्डरडॅश हे वयस्कर शब्द आहेत. पंचविशीतल्या मुलाने मीटिंगमध्ये काढले तर आजोबांचा कोट घालून आल्यासारखा दिसशील. आणि क्लायंटने अशक्य तारीख मागितली तर यातलं काहीएक नको. 'आय डोन्ट थिंक दॅट्स रिअलिस्टिक' म्हण आणि खरी तारीख सांग. दोन आठवडे सांगायची सवयही सोड.

प्रश्न : बाई, आम्ही लेक्चर बंक करतो. परवा सर एका बातमीबद्दल 'दिस इज ऑल बंक' म्हणाले आणि मागच्या बाकावर हशा पिकला. हे दोन्ही बंक एकच का? आणि हॉस्टेलमधला बंक बेड? – एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तिन्ही वेगळे. आणि धारवाडच्या बाजूला गेलीस तर पेट्रोल पंपालाही बंक म्हणतात, तो चौथा. त्याला आपण यातून सोडूनच देऊ. पळ काढण्याला 'डू अ बंक' म्हणणं ही एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश बोली, तीच तुमच्या लेक्चरला लागली.

सरांचा बंक अमेरिकन, आणि त्याची कुळकथा मात्र पक्की आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यात डोंगराळ भागात बंकम नावाची काउंटी आहे, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. तिथून फेलिक्स वॉकर नावाचे गृहस्थ अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले होते. १८२० साली तिथे मोठा वाद पेटला होता : मिसुरी हे नवं राज्य गुलामगिरीसकट संघात घ्यायचं की नाही. वाद आठवडेच्या आठवडे चालला, सभासद कंटाळले, 'मत घ्या, मत घ्या' असा गलका सुरू झाला. तेवढ्यात वॉकर उभे राहिले. लोक म्हणाले, बसा हो. हे म्हणाले, माझ्या बंकमच्या लोकांची अपेक्षा आहे की मी बोललं पाहिजे. मी बंकमसाठी बोलतोय. सभागृहासाठी नाही, विषयासाठी नाही, घरच्या मतदारांच्या कानासाठी. तेव्हापासून असल्या भाषणाला 'बंकम' म्हणायला लागले, पुढे त्याचं नुसतं 'बंक' झालं. मोटारवाले हेन्री फोर्ड १९१६ मध्ये एका मुलाखतीत म्हणाले की इतिहास हा बहुतांशी बंक असतो, आणि ते वाक्य त्यांच्या गाड्यांइतकंच गावोगाव फिरलं. खोट्याचा बुरखा फाडणं या अर्थाचं 'डीबंक' हे क्रियापद १९२३ मध्ये विल्यम वुडवर्ड या अमेरिकन लेखकाने बनवलं.

हलग्याजवळच्या सुवर्णसौधात हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा टीव्ही लावून बैस. सभागृह अर्धं रिकामं, कॅमेरा चालू, आणि वक्ते आपल्या गावाचं नाव घेऊन तावातावाने बोलतायत. कुठल्या पक्षाचे ते मी सांगणार नाही, तुला सगळ्याच बाकांवर वॉकर दिसतील. बिचाऱ्या बंकम काउंटीचं वाईट वाटतं. तिथले लोक काही खोटं बोलले नव्हते.

लेक्चर बंक करण्याबद्दल मी काही बोलत नाही. बोलायची गरज आहे असं तुला वाटलं तर पुढचं पत्र पाठव.

प्रश्न : ताई, मी सत्तरी ओलांडलेली बाई, टिळकवाडीत राहते. नातू कॅनडात असतो. फोनवर सांगत होते, मी तुझ्याएवढी असताना तिसऱ्या रेल्वे गेटापासून कॅम्पातल्या शाळेत रोज पायी जायची. तो म्हणाला, 'येऽऽ, राइट.' मला वाटलं पटलं. सून तोंडाला पदर लावून हसली. 'येस' आणि 'राइट' दोन्हीचा अर्थ हो, मग चुकलं कुठे?

उत्तर : आक्का, कुठेच चुकलं नाही, शब्द तुम्ही बरोबर ऐकलेत. पोराने सूर वाकडा लावला. 'येऽऽ' लांबवलं आणि 'राइट' खाली सोडलं की त्याचा अर्थ : हो हो, सांगा काहीही.

यावर विद्वानांची एक गोष्ट सांगतात. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन न्यूयॉर्कमध्ये व्याख्यान देत होते. म्हणाले, कित्येक भाषांत दोन नकार मिळून होकार होतो, पण दोन होकार मिळून नकार होईल अशी एकही भाषा नाही. मागून सिडनी मॉर्गनबेसर नावाचे कोलंबियाचे प्राध्यापक कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, 'येऽ, येऽ.' व्याख्यान तिथेच आडवं झालं. ऑस्टिनसाहेब बेळगावात आले असते तर हा प्रसंग त्यांच्यावर ओढवला नसता. खडेबाजारात कापडवाल्याला विचारा, 'रंग जाणार नाही ना?' तो म्हणेल, 'हो की, हो की, अजिबात जात न्हाई!' आणि तुमच्या शेजारी उभी असलेली वहिनी तुमच्याकडे बघून तेच शब्द पुन्हा म्हणेल, 'हो की, हो की,' आणि तुम्ही ते पातळ खाली ठेवाल.

नातवाला जशास तसं द्यायचं असेल तर एक फेक सांगते. तो म्हणाला, 'गृहपाठ संपला, आज्जी,' की तुम्ही म्हणायचं, 'पुल द अदर वन, इट्स गॉट बेल्स ऑन.' दुसरा ओढ, त्याला घुंगरू बांधलेत. इंग्रजीत एखाद्याला गमतीने फसवणं म्हणजे त्याचा पाय ओढणं. हा पाय ओढून झाला, माझ्यावर परिणाम नाही, आता दुसरा ओढ, निदान वाजेल तरी. फक्त आपल्या 'पाय ओढण्या'त हे मिसळू नका. आपल्याकडे पाय ओढतात तो वर चढणाऱ्याचा, खाली पाडायला. त्यात गंमत नसते.

तेवढं लांब वाक्य जिभेवर बसत नसेल तर 'माय फूट' पुरे. 'होमवर्क, माय फूट!' म्हणजे डोंबलाचा गृहपाठ. नेहमी नाव आधी, पाय मागून. आपलं डोंबल आणि बोडकं आधी येतं, एवढाच फरक. आणि ते चालत जाण्याचं त्याला एकदा इकडे आल्यावर चालवूनच दाखवा, गेटापासून कॅम्पापर्यंत, मे महिन्यात.

प्रश्न : आम्ही मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली, आता गणेशपुरात स्थायिक आहोत. आमचे एक जुने अधिकारी कुणी सबब सांगितली की म्हणायचे, 'टेल इट टू द मरीन्स.' पायदळात मरीन कुठून आले? – निवृत्त सुभेदार

उत्तर : सुभेदारसाहेब, जयहिंद. हे वाक्य पायदळाचं नाहीच, जहाजावरचं आहे. मरीन म्हणजे आरमाराच्या जहाजावर असलेला शिपाई. तो बंदूक चालवणार, शिस्त राखणार, पण दोर, शिडं, वारा यातलं त्याला खलाशाइतकं कळत नसे. खलाशी त्याला समुद्राच्या वाटेल त्या कहाण्या सांगायचे आणि तो डोळे विस्फारून ऐकायचा, निदान खलाशांचं म्हणणं तसं. पूर्ण म्हण अशी : हे मरीनना सांग, खलाशी विश्वास ठेवणार नाहीत. कवी बायरनने १८२३ मध्येच ही जुनी म्हण आहे अशी टीप लिहून ठेवली आहे.

पण मरीन मंडळींना हे कसं सहन व्हावं? रॉयल मरीन्समध्ये विल्यम ड्रुरी नावाचे मेजर होते, हातात लेखणीही बरी होती. त्यांनी १९०४ च्या आपल्या पुस्तकात एक फर्मास किस्सा घातला. राजा दुसरा चार्ल्स आणि त्याचा आरमारी अधिकारी सॅम्युअल पीप्स बोलत बसलेत. पीप्स म्हणतो, उडणारे मासे असतात. दरबारी हसतात. जवळच मरीनचा एक अधिकारी उभा असतो, तो म्हणतो, महाराज, मी स्वतः पाहिलेत. राजा म्हणतो, या लोकांइतकं जग कोण हिंडलंय? यापुढे काही संशयास्पद ऐकलं तर आधी ते मरीनना सांगून खात्री करू. म्हणजे भोळसट मरीन एका झटक्यात जाणता झाला. किस्सा इतका पसरला की लोक इतिहास म्हणून सांगू लागले. पुढे ड्रुरींनी स्वतःच मान्य केलं की हा आपण रचला होता. पलटणीची अब्रू राखायला अधिकाऱ्याने मारलेली इतकी सुबक थाप मला दुसरी माहीत नाही, आणि तुम्हाला ती गैर वाटणार नाही असा माझा अंदाज आहे. उडणारे मासे मात्र खरेच असतात हो, कारवारच्या कोळ्यांना विचारा.

अमेरिकेने तर वाक्याचा रोखच फिरवला. १९१८ च्या भरतीच्या पोस्टरवर चिडलेला एक तरुण अंगातला कोट काढतोय, पायाशी वर्तमानपत्र, आणि वर लिहिलंय 'टेल दॅट टू द मरीन्स!' इथे अर्थ : अत्याचाराची बातमी आहे ना, ती मरीनच्या कानावर घाला, ते बघून घेतील. तुमचे अधिकारी यातल्या पहिल्या अर्थानेच म्हणत असणार. सबब सांगणाऱ्या जवानाला दुसरा अर्थ लागू करायचा म्हणजे फारच झालं.

प्रश्न : विम्याच्या कंपनीकडून चार पानी इंग्रजी पत्र आलं. मुलगी बी.कॉम. आहे, तिलाही पैसे मिळणार की नाही ते सांगता येईना. असल्या भाषेला नाव आहे का? – बेळगुंदी

उत्तर : आहे, 'गॉबलडीगुक'. टेक्सासचे मॉरी मॅव्हरिक दुसऱ्या महायुद्धात एका सरकारी खात्याचे प्रमुख होते. हाताखालच्या लोकांच्या लांबलचक टिपणांना वैतागून त्यांनी १९४४ मध्ये हुकूम काढला : हे गॉबलडीगुक बंद करा, आणि जो कोणी 'अ‍ॅक्टिव्हेशन' किंवा 'इम्प्लिमेंटेशन' हे शब्द वापरील त्याला गोळी घालण्यात येईल. टर्की पक्षी गळ्यातली लोंबती कातडी हलवत जो आवाज करतो त्यावरून त्यांनी तो शब्द बनवला होता.

तुमचं पत्र मी वाचलं. मधली अडीच पानं सोडून द्या. तिसऱ्या पानाच्या तळाशी 'सब्जेक्ट टू' ने सुरू होणारं वाक्य आहे, तेवढंच कामाचं : मूळ पावती आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिल्याशिवाय पैसे नाहीत. दोन्हींच्या झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ कागद द्याल तेव्हा पोचपावती घ्या. पोचपावतीवर तारीख आणि शिक्का हवा. नुसती सही चालवून घेऊ नका.

प्रश्न : दहावीच्या इंग्रजी निबंधात अंधश्रद्धेविषयी 'इट इज ऑल हंबग अँड पॉपीकॉक' असं लिहिलं तर मार्क वाढतील का? – चिकोडी

उत्तर : नाही. 'बेसलेस' लिही, स्पेलिंग सोपं आहे.